व्हीआर गेम हवा तासाच्या भावाने

डोळ्यांवर चढवायचा हेडसेट दहा हजारांत आला की व्हीआर, म्हणजे आभासी जगातलं, गेमिंग घराघरांत पोहोचेल, असं गेली काही वर्षं सांगितलं जातंय. धड चालणारा हेडसेट त्या भावात आलेला नाही, आणि माझं मत असं की नजीकच्या काळात येणारही नाही. तरीही व्हीआर गेमिंग सर्वसामान्य माणसाला परवडू शकतं. त्यासाठी भाव यंत्राचा न बघता खेळण्याच्या एका तासाचा बघायला हवा. तो बघितला की सगळी चर्चाच वेगळ्या वाटेला लागते.

आधी यंत्राच्या किमतीचा इतिहास. मार्च २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आला तेव्हा त्याला ५९९ डॉलर पडत होते. पुढच्याच महिन्यात एचटीसी व्हाइव्ह ७९९ डॉलरला आला. दोन्हींना जीटीएक्स ९७० च्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागायचा, म्हणजे खरा खर्च दुपटीच्या पुढे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोनीने प्लेस्टेशन व्हीआर ३९९ डॉलरला आणला, पण त्यालाही घरात प्लेस्टेशन ४ हवाच. मे २०१९ मध्ये आलेल्या, ऑक्युलसच्याच म्हणजे आजच्या मेटा कंपनीच्या क्वेस्टने कॉम्प्युटरची अट काढून टाकली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये क्वेस्ट २ ने भाव २९९ डॉलरवर आणला. आता दर दोन वर्षांनी किंमत अर्धी होणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं. झालं उलटं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच क्वेस्ट २ ची किंमत १०० डॉलरने वाढली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा क्वेस्ट ३एस आला तो पुन्हा २९९ डॉलरलाच. चार वर्षांत प्रोसेसर कितीतरी सुधारला, पण नव्या यंत्राचा सुरुवातीचा भाव जागचा हलला नाही.

हा २९९ चा आकडाही स्वतःच्या पायावर उभा नाही. यंत्र ना-नफा किंवा तोट्यात विकायचं आणि पैसे पुढे गेमच्या दुकानातून वसूल करायचे, हे मेटाचं धोरण मार्क झुकरबर्गने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. कंपनीच्या हेडसेट बनवणाऱ्या रिअॅलिटी लॅब्ज विभागाचा तोटा २०२२ मध्ये सुमारे १,३७० कोटी डॉलर होता, २०२३ मध्ये १,६१० कोटी आणि २०२४ मध्ये १,७७० कोटी. यात स्मार्ट चष्मे आणि लांब पल्ल्याचं संशोधनही आहे, त्यामुळे सगळा तोटा हेडसेटच्या नावावर टाकणं चूक ठरेल. पण एवढा तोटा सोसू शकणारी कंपनी पाठीशी असतानाही भाव २९९ च्या खाली टिकत नसेल, तर दुसरं कुणी तो दहा हजार रुपयांवर आणेल ही आशा कशाच्या बळावर धरायची? २०२४ मध्ये मेटाने आपला रेडी अॅट डॉन हा गेम स्टुडिओ बंद केला. तोट्यातून सूट देण्याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा दिसायला लागली आहे.

किंमत उतरत का नाही, हे कळण्यासाठी यंत्र उघडून बघावं लागतं. क्वेस्ट ३एस प्रत्येक डोळ्याला १८३२ गुणिले १९२० पिक्सेलचं चित्र दाखवतो. दोन डोळे आणि सेकंदाला ९० चित्रं धरली तर सेकंदाला ६३ कोटींहून जास्त पिक्सेल पडद्यावर पोहोचवायचे असतात. फुल एचडी टीव्हीवर ६० चित्रांनी चालणाऱ्या गेमला हे काम साडेबारा कोटींच्या आसपास असतं. पाचपट काम, तेही कपाळाला बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या आणि अर्ध्या किलोच्या यंत्रात. नजरेच्या कडेचा भाग कमी बारकाईने रंगवून प्रोसेसरचा भार हलका करतात, तरी उरतो तो भार स्वस्त चिपला पेलवत नाही.

भिंगांचीही तीच अडचण. क्वेस्ट ३एस मध्ये जुन्या पद्धतीची, गोल खाचांची फ्रेनेल भिंगं आहेत आणि एकच पडदा दोन डोळ्यांत वाटलेला आहे. स्वस्तात बसवण्यासाठी केलेल्या या तडजोडी आहेत आणि त्या वापरताना जाणवतात. भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच टप्प्यांवर बसतं. ज्याच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ५५ किंवा ७२ मिलिमीटर आहे त्याला चित्र कायम थोडं धूसर दिसतं आणि अर्ध्या तासात डोळे ओढल्यासारखे होतात. महागड्या क्वेस्ट ३ मधली पॅनकेक भिंगं पातळ आणि स्वच्छ असतात, पण त्यांत प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर दोनदा येतो आणि दर वेळी निम्मा वाया जातो. डोळ्यापर्यंत फार तर चौथा हिस्सा पोहोचतो. म्हणजे पडदा जास्त उजळ हवा, मग बॅटरी मोठी हवी आणि उष्णता बाहेर काढायला पंखा हवा. एका भागात पैसे वाचवले की ते दुसऱ्या भागात मोजावे लागतात.

स्वस्ताईची दुसरी वाट भिंगं लावलेल्या खोक्यात आपला फोनच बसवण्याची होती, आणि भारतात व्हीआर म्हणजे काय याची पहिली ओळख बहुतेकांना तिथेच झाली. जून २०१४ मध्ये गुगलने पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला. पाठोपाठ सॅमसंगचा ९९ डॉलरचा गिअर व्हीआर आला, गुगलचा ७९ डॉलरचा डेड्रीम व्ह्यू आला. डेड्रीम २०१९ मध्ये बंद झाला, कार्डबोर्डची विक्री २०२१ मध्ये थांबली. मुंबईच्या जिओने २०२३ मध्ये आयपीएलच्या हंगामात १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह काढला. क्रिकेटचा सामना मोठ्या पडद्यासारखा बघायला तो ठीक होता. गेमिंगसाठी मात्र फोन मुळातच अपुरा आहे, आणि त्याची कारणं मोजता येतात.

डोकं वळवल्यापासून डोळ्यांसमोरचं चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की मेंदूला विसंगती जाणवते आणि मळमळायला लागतं. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या फोनवर एक चित्रच १६.७ मिलिसेकंद टिकतं. सेन्सर, अॅप आणि अँड्रॉइड यांच्यासाठी उरतात तीन. वर फोनचा पडदा प्रत्येक चित्र पूर्ण वेळ पेटतं ठेवतो, त्यामुळे मान वळवली की सगळं फरफटल्यासारखं दिसतं. हेडसेटचा पडदा प्रत्येक चित्र क्षणभर लखकन दाखवून उरलेला वेळ काळा राहतो, म्हणून त्यात ही फरफट होत नाही. फोनला मान कुठे वळली ते कळतं, पण माणूस पुढे वाकला की बाजूला सरकला हे कळत नाही, कारण आजूबाजूची जागा टिपत राहणारे चार-सहा कॅमेरे त्याच्याकडे नाहीत. बॉल चुकवायला तुम्ही झुकलात तर आख्खं मैदान तुमच्याबरोबर झुकतं. शिवाय २४०० गुणिले १०८० चा पडदा दोन डोळ्यांत वाटला की नजरेच्या एका अंशाला जेमतेम १३ पिक्सेल येतात. निरोगी डोळा त्याच अंशात ६० पर्यंत बारकावा ओळखतो, क्वेस्ट ३एस साधारण २० देतो. वीस मिनिटांत फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि उरलीसुरली मजा जाते. फोनच्या या खोक्यांनी केलेलं खरं नुकसान असं की लाखो लोकांनी दहा मिनिटं घालून, डोकं धरून, 'व्हीआर म्हणजे हेच' असा कायमचा निष्कर्ष काढला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मोबाइलही एकेकाळी श्रीमंतांचाच होता, तो स्वस्त झाला, हेही होईल. पण फोन नुसता काळ गेल्याने स्वस्त झाला नाही. जगात वर्षाला शंभर कोटींहून जास्त स्मार्टफोन विकले जातात. हेडसेटची वर्षाची विक्री एक कोटीच्याही आत आहे. पडदे आणि कॅमेरे बनवणारे कारखाने जिथे खप आहे तिथे भाव पाडतात. आणि फोनने कॅमेरा, घड्याळ, रेडिओ, बँक, नकाशा अशा दहा वस्तूंचा खर्च वाचवला, म्हणून महिना पंधरा हजार कमावणाऱ्यानेही हप्त्यावर दहा हजारांचा फोन घेतला. हेडसेट कुठल्याच वस्तूची जागा घेत नाही. तो निव्वळ वरचा खर्च आहे. खप वाढल्याशिवाय भाव पडणार नाही आणि भाव पडल्याशिवाय खप वाढणार नाही, ही कोंडी घरगुती विक्रीने सुटेल असं मला वाटत नाही.

आता घराचा हिशेब मांडू. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या घरात धरला तर क्वेस्ट ३एस चे सुरुवातीचे २९९ डॉलर म्हणजे २५ ते २७ हजार. आयात शुल्क, १८ टक्के जीएसटी आणि मधल्या विक्रेत्याचा नफा धरून ३५ हजार समजा. दोन-अडीच हजारांचे चार गेम म्हणजे दहा हजार. सोबत मिळणारा पट्टा सगळं वजन गालांवर टाकतो, म्हणून चांगल्या पट्ट्याचे तीन हजार. एकूण ४८ हजार. तीन वर्षं, आठवड्याला एक तास खेळलात तर १५६ तास होतात आणि तासाला ३०८ रुपये पडतात. घरातले सगळे मिळून आठवड्याला पाच तास खेळले तर तोच तास ६२ रुपयांवर येतो. ज्या घरात असा वापर होणार आहे तिथे हेडसेट जरूर घ्यावा. पण पहिल्या महिन्याचं अप्रूप ओसरल्यावर आठवड्याला एक तासही पुष्कळ झाला. खोक्यात परत गेलेल्या हेडसेटचा तास सगळ्यांत महाग असतो.

आणि पैशांआधी जागा लागते. उभं राहून इकडेतिकडे सरकत खेळायला साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जमीन हवी. वन बीएचकेत सोफा, टीव्हीचं युनिट आणि दिवाण सोडून एवढी जागा काढायची म्हणजे रोज फर्निचर हलवायचं. वर छताचा पंखा. पाती साधारण आठ फुटांवर असतात. पावणेसहा फुटांच्या माणसाने कंट्रोलर धरून हात उंचावला की तो साडेसात फुटांवर जातो, आणि खेळाच्या भरात उडी मारली तर बोटांचं काय होईल ते सांगायला नको. पंखा बंद करावा तर एप्रिलमध्ये भिंगांवर वाफ धरते. पांढऱ्याशुभ्र मोकळ्या भिंतीवर हेडसेटच्या कॅमेऱ्यांना पकडायला खूण सापडत नाही, त्यामुळे खेळायच्या जागेची आखणी सरकत राहते. भिंतीवर दोन-तीन रंगीत पोस्टर लावले की हे थांबतं. आरशाच्या कपाटावर चादर टाकावी लागते. ट्यूबलाइटच्या लुकलुकीमुळे हाताची जागा थरथरत असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ५० हर्ट्झवर ठेवावी, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. साध्या गोष्टी आहेत, पण त्या माहीत नसल्या की माणूस यंत्राला दोष देतो.

म्हणून माझं म्हणणं, जागा आणि यंत्र दोन्ही वाटून घ्यावं. एसटीडी बूथने घरात फोन नसलेल्या माणसाला फोन दिला, सायबर कॅफेने कॉम्प्युटर नसलेल्या मुलाला इंटरनेट दिलं. आज मॉलमधल्या गेम झोनमध्ये व्हीआर असतं, पण ते पाच मिनिटांच्या रोलर कोस्टरचं असतं: हलणारी खुर्ची, किंकाळ्या आणि एका फेरीचे शंभर-दीडशे रुपये. त्यात खेळ नसतो, कौशल्य नसतं, त्यामुळे पुन्हा यायचं कारणही नसतं. नाशिक, कोल्हापूर, अकोल्यासारख्या शहरात गल्लीतल्या गाळ्यात चालणारं साधं पार्लर उभं राहू शकतं का, हा प्रश्न आहे.

चार हेडसेट प्रत्येकी ३५ हजारांचे, म्हणजे १ लाख ४० हजार. राउटर, चार्जिंगची सोय, सिलिकॉनची आवरणं, पट्टे, जमिनीवरच्या मॅट आणि बाहेरच्यांना खेळ दिसावा म्हणून एक टीव्ही यांचे ६० हजार. भांडवल दोन लाख. यंत्रं वीस महिने टिकतील असं धरलं तर महिन्याला दहा हजार घसारा. खेळायचे चार चौकोन आणि मधली ये-जा धरून ३०० चौरस फूट जागा लागते. तिचं भाडं १५ हजार, मदतनीस १५ हजार, वीज चार हजार, गेमचे परवाने आठ हजार, दुरुस्ती चार हजार. महिन्याला एकूण ५६ हजार. रोज दहा तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर चार यंत्रांचे १,०४० तास होतात. त्यातले ३५ टक्के भरले तरी ३६४ तास मिळतात आणि तासाचा खर्च १५४ रुपये येतो. निम्मे भरले तर १०८. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मालकाचा नफा धरून अर्ध्या तासाचे १०० रुपये आकारता येतील. कॉलेजच्या मुलाला पंधरवड्यातून एकदा हे परवडतं, आणि त्याला ४८ हजार एकदम काढावे लागत नाहीत. भाडं किंवा पगार तुमच्या गावाप्रमाणे बदलून बघा. गणित सगळ्यांत जास्त हलतं ते किती तास भरले यावर.

तास भरायचे तर पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा यायला हवा, आणि तिथेच पार्लरं मार खातात. नवख्याला पहिल्याच फेरीत धावण्या-उडण्याचा गेम दिला की डोळे म्हणतात पळतोय, कान आतून म्हणतात उभा आहे, आणि दहा मिनिटांत तो घाम पुसत बाहेर येतो. पहिली पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून खेळायचा गेमच द्यावा. बीट सेबर हा गेम यासाठीच इतका चालला: खेळाडू जागेवर राहतो, ठोकळे त्याच्याकडे येतात. डोक्यावर चढवण्याआधी भिंगांचं अंतर बदलून बघायला दोन मिनिटं द्यावीत, चष्मेवाल्याला आधी स्पेसर, म्हणजे चष्म्यापुरती जागा ठेवणारी चौकट, लावावा. नाहीतर चष्म्याची काच भिंगावर घासते आणि तो ओरखडा जन्मभर राहतो. भिंग कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसायचं, सॅनिटायझर लावला की वरचा थर जातो. कापडी आवरण काढून सिलिकॉनचं लावावं आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसावं. घामट आवरण दिसलं की आईवडील मुलाला परत आणत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. हेडसेट खिडकीजवळ भिंगं वर करून कधीही ठेवू नये, ऊन भिंगातून एकवटून पडद्यावर कायमचा डाग पाडतं. बॅटरी दोन-अडीच तासांत संपते, म्हणून चारही यंत्रं एकदम चालवण्यापेक्षा तीन चालू आणि एक चार्जिंगला असा फेरा बसवावा. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत माणसं गेली. बाहेर पडायला दुसरा दरवाजा नसलेल्या गाळ्यात हा धंदा मुळीच करू नये. दहा वर्षांखालच्या मुलांना मेटाचीच परवानगी नाही, तेव्हा 'पाच मिनिटंच' म्हणणाऱ्या पालकांना नाही म्हणायची तयारी हवी.

गेमचं काय? भारी चित्रं असलेलेच गेम चालतात हा समज गोरिला टॅग या गेमने मोडला. ओबडधोबड आकृत्या, फुकट प्रवेश, बटणं जवळपास नाहीतच. हातांनी जमीन मागे ढकलत पळायचं आणि एकमेकांना पकडायचं. शिवाशिवी खेळलेल्या कुठल्याही मुलाला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने आयबी क्रिकेट बनवून दाखवलं की बॅटसारख्या कंट्रोलरने नेट प्रॅक्टिसचा आनंद देता येतो. ठाण्याची अज्नालेन्स कंपनी हेडसेट आणि प्रशिक्षणाच्या व्हीआरवर काम करते, म्हणजे माणसं आणि हुन्नर इथे आहे. दहा मिनिटांची एक पारी, चार जण समोरासमोर आणि मराठीत बोलणारा समालोचक, असा खो-खो किंवा आट्यापाट्यांचा गेम हलक्या चित्रांत का होऊ नये? पुण्यातल्या चार-पाच जणांच्या स्टुडिओच्या आवाक्यातलं हे काम आहे. त्याला गिऱ्हाईक मात्र घरात मिळणार नाही, पार्लरमध्येच मिळेल.

इथे खरी अडचण परवान्याची आहे. दुकानातून विकत घेतलेला गेम वैयक्तिक वापरासाठी असतो. तो पार्लरमध्ये पैसे घेऊन खेळवणं हा कराराचा भंग आहे. व्यावसायिक परवाने मिळतात, पण ते डॉलरमध्ये, मिनिटाच्या किंवा महिन्याच्या हिशेबाने आणि परदेशी मध्यस्थांमार्फत. छोटा पार्लरवाला त्या वाटेला जात नाही, चोरून चालवतो, आणि गेम बनवणाऱ्याला दमडी मिळत नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, गेमिंग आणि विस्तारित वास्तव (व्हीआर त्यातच येतं) क्षेत्रासाठी ३,२६८ कोटींच्या आराखड्याचं धोरण मंजूर केलं. त्यातला मुख्य भर स्टुडिओ, पार्क आणि गुंतवणूक यांवर आहे. माझी मागणी छोटी आहे. राज्याने मराठी गेमांसाठी रुपयांत, तासावर चालणारा एक साचेबंद परवाना तयार करावा, यूपीआयने भरता येईल असा, आणि ज्या स्टुडिओला सरकारी अनुदान मिळतं त्याला तो लागू करावा. तासाला २० रुपये गेम बनवणाऱ्याला दिले तर वरच्या पार्लरचे ३६४ तासांचे ७,२८० रुपये होतात, म्हणजे परवान्यासाठी धरलेल्या आठ हजारांतच बसतात. अशी दोनशे पार्लरं राज्यात झाली तर वर्षाला पावणेदोन कोटी रुपये गेम बनवणाऱ्यांकडे जातील, आणि खेळणाऱ्याच्या तासाचा भाव एका रुपयानेही वाढणार नाही.